भुताच्या विजेवरचा माईक

कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक धंदा डोळ्यांचा करत, पण अभिमान त्यांना कानांचा होता. गिटारची कुठली तार किंचित उतरली आहे हे आपल्याला शेजारच्या खोलीतूनही कळतं, असं ते सांगत. घरात गिटार वाजवणारे ते एकटेच, त्यामुळे हे तपासून बघायची सोय नव्हती आणि कुणी वादही घालत नसे.

त्यांच्या लेकीला मुलगा झाला होता आणि तो काही केल्या झोपत नव्हता. ती राहायची दुसऱ्या शहरात. तिने फोन करून सांगितलं की, बाबा, मी लहान असताना तुम्ही गिटारवर जी अंगाई म्हणायचात ती फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. अंगाईचे शब्द आणि चाल दोन्ही बाबांची, खास तिच्यासाठी केलेली. दुसरा एखादा बाप असता तर त्याने हातातला घास संपवून लगेच म्हणून टाकली असती.

"फोनचा माईक बोलायला ठीक आहे," चष्मेवाले म्हणाले. "आवाज आणि गिटार दोन्ही नीट यायचं तर कंडेन्सर माईक लागतो. मी जरा बघून घेतो."

आणि ते बघायला लागले. समोरचं गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं वाचायचं, हे कॉम्प्युटरवर माईकची माहिती वाचायचे. कानात असतो तसा माईकच्या आतही पडदा असतो; मोठ्या पडद्याचा माईक गळ्याला भरदार करतो म्हणे, छोट्या पडद्याचा तारेवरची बोटं स्वच्छ पकडतो. मग दोन्ही एकत्र करणाऱ्या माणसाने काय करायचं? एक जण सांगत होता, एकच माईक तोंड आणि गिटारच्या मध्ये धरा. दुसऱ्याच्या मते हा शुद्ध अडाणीपणा होता. या विवंचनेत त्यांनी एका बाईंना डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवून दिली. तिकडे नातू पालथा पडायला लागला, तरी झोपत नव्हताच.

शेवटी माईकच्या दुकानात जाऊन त्यांनी मोठ्या पडद्याचा, सगळ्यात तिखट कानांचा माईक पसंत केला. विक्रेत्याने जाता जाता म्हटलं की खोलीत गालिचा, जाड पडदे वगैरे असले तर बरं, कारण हा सगळंच ऐकतो. "म्हणूनच तर घेतोय," चष्मेवाले म्हणाले.

तो खरंच सगळं ऐकत होता. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये अंगाईच्या मागे फ्रिज घुमत होता, पंखा कुरकुरत होता, नळ ठिबकत होता आणि वरच्या मजल्यावरचे वकील खुर्ची ओढत होते. चष्मेवाल्यांनी पंखा बंद केला. फ्रिज बंद केला, तो चालू करायचा राहिला आणि स्वयंपाकघरात तळं साचलं. मग घरातल्या सगळ्या गाद्या भिंतींना लावून उभ्या केल्या आणि आपण मधे जाऊन बसले. राहता राहिले वकील. त्यांना रविवारी दुपारी खुर्ची ओढू नका म्हणून सांगायला त्यांनी बायकोला वर पाठवलं.

बायको शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, स्पष्ट बोलणारी. पण नवरा अंगाई म्हणणार आहे हे वकिलांसारख्या माणसाला कसं सांगायचं, याचा तिला संकोच वाटला. ती म्हणाली की यांच्यासाठी जरा शांतता हवी होती. बारीकसा आवाजही हल्ली सहन होत नाही. खोलीला सगळीकडून गाद्या लावून घेतल्यात. आत एकटेच बसून हॅलो हॅलो करत असतात.

"कधीपासून?" वकिलांनी हळूच विचारलं.

"नातू झाल्यापासून बघा."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. वकिलांना फार वाईट वाटलं. रविवारी दुपारी ते चप्पल हातात घेऊन जिना उतरले, दार लोटून आत आले आणि गाद्यांच्या फटीतून डोकावले. चष्मेवाले कानांवर हेडफोन चढवून, मांडीवर गिटार घेऊन, डोळे मिटून बसले होते. रेकॉर्डिंग चालू होतं.

"काय म्हणताय?" वकिलांनी आजाऱ्याशी बोलावं तसं विचारलं. "आवाज ऐकू येतात का?"

"सगळे येतात," चष्मेवाले खुलून म्हणाले. इतक्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदाच आपणहून विचारत होतं. "परवा तुमच्या खिशातली नाणी ऐकली."

वकील खाली बसले. "आणि हे कोण ऐकतं? तुम्ही?"

"नाही, हा. समोरचं ऐकतो, पाठीमागचं याच्या फारसं कानावर येत नाही. म्हणून मी याच्याकडे कधी पाठ करत नाही."

"बरोबर आहे," वकील म्हणाले.

"पण याला वीज लागते. फँटम पॉवर. फँटम म्हणजे भूत. वेगळी तार दिसत नाही, पण भूत आतल्या आत वीज पुरवतं. ते बंद केलं की हा बहिरा."

वकिलांनी त्यांचा हात हातात घेतला. आपल्या ओळखीचे एक चांगले डॉक्टर आहेत, आपण दोघे मिळून जाऊ, यात लाजण्यासारखं काही नाही, असं ते गहिवरून सांगायला लागले. चष्मेवाल्यांना वाटलं, डॉक्टरांकडेही असलाच माईक आहे. त्यांनी डॉक्टरांचा पडदा मोठा की छोटा ते विचारलं. दारात बायको उभी होती. तिला आधी काही उमगेना, आणि उमगलं तेव्हा ती एका गादीला धरून हसत बसली. गादी वकिलांच्या अंगावर आली.

उलगडा झाल्यावर वकिलांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी माईक कसा चालतो ते सगळं सांगा म्हणून आग्रह केला. चष्मेवाल्यांनी सांगितलं. अगदी पहिल्यापासून, शांत आवाजात, काही न गाळता. वकील माना डोलवत होते. त्यातल्या काही माना झोपेच्या होत्या.

मधेच बायको म्हणाली, "अहो, पोरीने गाणं मागितलं होतं. माईक नव्हता मागितला."

ती रागाने बोलली नव्हती, म्हणून ते चष्मेवाल्यांना जास्त लागलं. पहिल्याच दिवशी हेडफोनमध्ये त्यांनी फ्रिजच्या आधी दुसरंच काहीतरी ऐकलं होतं. वरच्या सुराला आवाज फाटत होता, ओळ संपायच्या आत दम सरत होता. लेकीच्या आठवणीत जो बाप गात होता तो हा नव्हता. फ्रिज बंद करता आला, वकिलांना गप्प करता आलं, पण याला कुठला माईक आणायचा? असलाच तर तो कमी ऐकणारा हवा होता, आणि ते तर नेमका सगळ्यात जास्त ऐकणारा घेऊन आले होते.

त्यांनी तारा जुळवल्या आणि अंगाई म्हटली. एकदाच. वरच्या सुराला आवाज फाटला तो फाटू दिला. वकील जागे झाले आणि तसेच बसून राहिले. बायको दाराला टेकून खाली बघत होती.

रेकॉर्डिंगमधला नको तो भाग कापायचा कसा हे चष्मेवाल्यांनी कुठेच वाचलं नव्हतं. त्यांनी ते होतं तसं, अख्खं पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात लेकीचा फोन आला. बाळ झोपलं होतं, आणि चांगलं गाढ. चष्मेवाल्यांनी समोरच्या गिऱ्हाइकाला थांबायची खूण केली आणि मान ताठ केली.

"म्हणजे गाणं ऐकून झोपला?"

लेक जरा घुटमळली. "गाणं मी ऐकते, बाबा. तो झोपल्यावर, हेडफोन लावून, एकटीच. रोज ऐकणार आहे."

"आणि तो?"

"तो तुम्ही वकीलकाकांना माईक समजावून सांगता ना, तिथेच झोपतो. गाणं लागलं की उठतो." मग तिने आवाज अगदी बारीक केला. "बाबा, माईकबद्दल तुमचं अजून काही सांगायचं राहिलंय का?"

चष्मेवाल्यांनी गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची दाखवली.

"छोट्या पडद्याचा विषय तर मी अजून काढलेलाच नाही," ते म्हणाले.