हरित विकासाचं प्रात्यक्षिक

पाहणी पथक यायला अर्धा तास उरला असताना साहेबांच्या पँटची चेन तुटली. साहेब म्हणजे पालिकेच्या हरित विकास कक्षाचे प्रमुख. गरिबाला सोबत घेऊन आणि कचरा न वाढवता शहराची भरभराट कशी होते, हे त्यांना पथकापुढे उभं राहून सांगायचं होतं. बढती त्यावरच अडली होती. बसून सांगायची सोय नव्हती.

शिपायाने सेफ्टी पिन दिली. ती पहिल्याच खोल श्वासाला उघडली आणि जिथे टोचायची तिथे टोचली.

"गेटवरच्या मावशींनी दोन मिनिटांत बसवून दिली असती," शिपाई म्हणाला. "पण त्यांना कालच तुम्ही उठवलंत."

बारा वर्षं मावशी पायमशीनवर अर्ध्या शहराचे जुने कपडे दुरुस्त करत होत्या. पथकाला गेट मोकळं दिसावं म्हणून साहेबांनी नोटीस काढून त्यांना हलवलं होतं, आणि त्या जागी प्लॅस्टिकचं झाड ठेवलं होतं. मशीन न्यायला टेम्पो यायचा होता, म्हणून मावशी अजून मागच्या अंगणात बसून होत्या.

पोटाशी फाइल धरून साहेब तिथे पोचले. मावशींनी चष्म्यावरून आधी त्यांना पाहिलं, मग फाइलला.

"शिवते की. पण आवारात शिवायचं नाही असा कागद आहे माझ्याकडे. तुमच्या सहीचा."

कागद विसरा, साहेब काकुळतीला येऊन म्हणाले. मशीन जप्त झालं तर पोट कशावर भरू, मावशी म्हणाल्या. दुसरा कागद द्या, गेटवरच्या जागेचा, शिक्क्यासकट. शिक्का तिसऱ्या मजल्यावर होता. लिफ्ट वीजबचतीसाठी बंद होती. तो आदेशही साहेबांचाच.

धापा टाकत साहेबांनी शिक्का आणला, कागद दिला, पँट दिली आणि स्वागताचा उरलेला कापडी फलक कमरेला गुंडाळला. 'सर्वांना सोबत घेणारं शहर' ही अक्षरं नेमकी मागच्या बाजूला आली. सभागृहात कोणी नाही म्हणून शिपायाने पथकाला थेट मागच्या अंगणातच आणलं.

पथकप्रमुख बाईंनी मशीन पाहिलं, जुनी पँट पाहिली, साहेबांभोवती एक फेरी मारून त्यांना वाचलं.

"प्रात्यक्षिक का?"

"हो," साहेब म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

आठ दिवसांत बढती आली. सोबत एक अट होती: येणाऱ्या प्रत्येक पथकाला हेच प्रात्यक्षिक अधिकाऱ्याने स्वतः दाखवावं. मावशी गेटवर परतल्या. तयार कपडे त्या प्लॅस्टिकच्या झाडाला टांगतात. आणि पाहणीच्या दिवशी सकाळी साहेब मुकाट्याने रांगेत उभे राहतात, चेन उसवून घ्यायला.