दवाखान्याच्या दाराआड

वाय्रापाता गावच्या सरकारी दवाखान्याची समोरची भिंत उभी राहिली, त्याच दिवशी नगरपालिकेने दवाखाना पूर्ण झाल्याचे जाहीर केले. भिंतीला दार होते, दाराला ताजा रंग होता, वर पाटी होती. मागे बोलिव्हियाचे उघडे पठार होते आणि त्यावर लामा चरत होते.

राजधानीने उद्घाटनाची चित्रफीत मागवली. गावात हे काम जाणणारी एकटी नेलिदा. लग्नाच्या एकाच फोटोतली माणसे, झाडे, डोंगर ती संगणकावर सुटी करी, मागेपुढे मांडी आणि मधून कॅमेरा असा फिरवी, की बघणाऱ्याला आपण फोटोतच शिरलो असे वाटे. फोटोत न दिसणारे ती अंदाजाने रंगवी. कित्येक नवरदेवांच्या टकलावर त्यामुळे केस उगवले होते.

नगराध्यक्ष फ्रोइलान यांनी भिंतीचा फोटो तिच्यापुढे ठेवला. "कॅमेरा दारातून आत न्या."

"साहेब, आत लामा आहेत."

"नवरीचा न दिसणारा कान काढता ना, नेलिदाबाई? मग दवाखान्यालाच हात का आखडता?"

तिच्या आईचा, कासिमिराचा, गुडघा सुजलेला होता. चित्र बघून तरी खरा दवाखाना बांधतील, या आशेने नेलिदाने जीव ओतून खाटा काढल्या, पांढरे पडदे लावले, खिडकीत कुंडीही ठेवली.

राजधानी खूश झाली. झालेल्या इमारतीवर पुन्हा बांधकाम नियमात बसत नाही, असे कळवून तिने उरलेल्या विटा परत नेल्या.

कासिमिरा लंगडत दवाखान्यात गेली, दार उघडून पलीकडे निघाली आणि तशीच नगरपालिकेत आली.

"आजी, खाट रिकामी होती. झोपला का नाहीत?" फ्रोइलान यांनी आस्थेने विचारले.

"कुठाय खाट? मी आत जाऊन आले."

"मग तुम्ही फार आत गेलात."

तक्रारीची मात्र गंभीर दखल घेतली गेली. दवाखान्यात रुग्ण नाहीत, असा तिचा अर्थ लावून नेलिदाला रुग्ण भरण्याचा आदेश निघाला. जो कुरकुरेल त्याचा फोटो आधी. लोक केस विंचरून, ठेवणीतल्या शाली पांघरून आले. कासिमिराला खिडकीजवळची खाट मिळाली. चित्रफितीच्या शेवटी ती काठीवाचून चालत बाहेर येते, असेही ठरले. कुरकुर थांबली. ज्यांना खरेच दुखत होते, ते गुपचूप बसने शहरात जाऊ लागले.

नवी चित्रफीत चौकात लागली, तेव्हा नेलिदाला राहवेना. ती उठून उभी राहिली.

"ऐका. हे सगळं एका फोटोवरून मी बनवलंय. दाराआड काही नाही."

कोणी मान वळवली नाही. शेजारची अंडीवाली म्हणाली, "आम्ही काय आंधळे आहोत? शेतावर त्याच दारातून जातो."

"मग बोलत का नाही कुणी?"

कासिमिराने लेकीचा झगा ओढून तिला खाली बसवले.

"गप बस गं. आता माझी खाट येतेय."