अडतीस नंबरचा मुक्काम

कासारवेळच्या नगरपालिकेने 'गो' ह्या इंग्रजी क्रियापदाचे सगळे अर्थ पंधरा-पंधरा दिवस घरोघर मुक्कामाला ठेवायचं ठरवलं, आणि फाल्गुनात प्रमिलाबाई खडपेकरांच्या घरी अडतीस नंबरचा अर्थ आला.

अर्थ एकूण बासष्ट होते. गावात धर्मशाळा एकच, तिचंही छप्पर दुरुस्तीला काढलेलं, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. तसा अर्थांचा त्रास काही नसे. दोन पोळ्या, मूठभर भात आणि एक अंथरूण. पंधराव्या दिवशी अर्थ उंबरा ओलांडून निघाला, की त्याच्या स्वभावाप्रमाणे त्या घरात एक काहीतरी घडे, एवढंच.

घोडक्यांकडचा निघाला तेव्हा बरणीभर लोणचं नासलं. मुल्लांकडे दारावरची घंटा तीन दिवस आपोआप वाजत राहिली. डॉक्टरीणबाईंचे पडदे आणि सोफा आठ वर्षं एकमेकांशी फटकून होते, ते एकाएकी एकमेकांना शोभायला लागले. पण बोरकरांच्या काकूंचे डोळे गेले तेही एका अर्थाच्या निघण्यानेच. आणि एक अर्थ असा होता, की त्याचं नाव गावात कोणी काढत नसे. एकोणीस अर्थ अजून कुणाकडे उतरायचे होते. तो त्यांतच होता.

प्रमिलाबाईंचे यजमान दिगंबरराव शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. मार्गशीर्षात त्यांच्या हृदयाने एकदा दगा दिला होता. तेव्हापासून प्रमिलाबाईंना गाढ झोप अशी नव्हतीच.

अर्थाला पोचवायला नगरपालिकेचे तोडकर आले होते. सही करता करता प्रमिलाबाईंनी हळूच विचारलं, "हा कुठला अर्थ आहे हो, तोडकर?"

"ती गोपनीय बाब आहे, वहिनी."

"नाव नका सांगू. वस्तूंचा आहे की माणसांचा, तेवढंच सांगा."

तोडकरांनी कागद चाळला. "मिश्र," ते म्हणाले आणि चहा न घेताच उठले.

अर्थ दिसायला लांबच्या नात्यातल्या पाहुण्यासारखा होता. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. ऊन कुठूनही येवो, त्याची सावली दाराकडेच पडे. बोलणं बेताचं. पहिले चार दिवस तो नुसता बसून राहिला. पाचव्या दिवशी दिगंबररावांनी त्याचं चित्र काढायला घेतलं, आणि दोघांची गट्टी जमली.

"मान जरा डावीकडे घ्या. हां, आता बघा माझ्याकडे," दिगंबरराव म्हणत.

अर्थ त्यांच्याकडे बघे. तासन् तास बघे. स्वयंपाकघरातून प्रमिलाबाईंना ते दिसे आणि हातातली भाजी तशीच राही.

"अहो, त्याच्यासमोर बसू नका ना सारखे," त्या नवऱ्याला आत बोलावून म्हणाल्या.

"का? इतका वेळ हूं की चूं न करता बसणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा मिळालाय मला. तू कधी पाच मिनिटं तरी बसलीस का?"

"माणूस नाहीये तो."

"मग तुझ्या दादापेक्षा बरा की."

प्रमिलाबाईंना हसू आलं नाही. त्यांनी शेजारच्या घोडकेवहिनींना गाठलं. घोडकेवहिनी म्हणाल्या, "घरात काहीतरी जाण्याजोगं तयार ठेवा. आमचं लोणचं तसंही खारटच झालं होतं, म्हणून निभावलं."

पंधराव्या दिवशी सकाळी प्रमिलाबाईंनी उंबऱ्याशी जाण्याजोगं सगळं मांडून ठेवलं. आंबट होत आलेलं दूध. कुरकुरणारा पंखा. कधीही विटतील अशी लुगडी. बंद पडायच्या बेतात आलेलं भिंतीवरचं घड्याळ. शेवटी त्यांनी आपला चष्माही काढून त्या ओळीत ठेवला, आणि जरा विचार करून त्याच्याशेजारी स्वतः उभ्या राहिल्या.

साडेनऊला तोडकर आले. अर्थाने पिशवी उचलली, मांडलेल्या वस्तूंकडे एकेक करून पाहिलं, मग प्रमिलाबाईंकडे पाहिलं.

"ह्यातलं माझं काही नाही, वहिनी," तो हळुवारपणे म्हणाला.

मग तो दिगंबररावांपाशी गेला. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दिगंबररावांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला, दुसरा हात छातीकडे वळला. अर्थाने एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

"बरं," तो म्हणाला, "जातो."

प्रमिलाबाईंना किंचाळायचं होतं. पण ज्या घरात त्या वाढल्या आणि ज्या घरात नांदल्या, त्या दोन्ही घरांतून कुणी कधी असा निरोप घेतला नव्हता. तोंडातून आपोआप जे यायचं तेच आलं.

"जातो म्हणू नये, भावजी. येतो म्हणावं."

अर्थ थांबला. असं त्याला आजवर कुठल्याच घरात कुणी सांगितलं नसावं. त्याने तोंड उघडलं, मिटलं. तोडकर श्वास रोखून बघत राहिले.

"ये," अर्थ म्हणाला. खूप वेळ गेला. "येतो."

दिगंबररावांनी भला मोठा श्वास घेतला आणि पाणी मागितलं.

अर्थ गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि दहा मिनिटांत परत आला. येतो म्हणाला होता. त्याने चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली आणि नेहमीच्या जागी बसला.

"आता पंचाईत झाली," तोडकर म्हणाले. "येतो म्हणालेल्याचा मुक्काम संपला असं धरता येत नाही. त्याला निघण्याचा हक्क मात्र रोज राहील."

"किती वाजता?"

"आजचीच वेळ. साडेनऊ."

प्रमिलाबाईंनी तिघांचा भात टाकला.

आता अर्थ रोज सकाळी पिशवी घेऊन उंबऱ्याशी उभा राहतो, दिगंबररावांच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, जातो. प्रमिलाबाई त्याला सांगतात. कधी तो लगेच ऐकतो, कधी त्याला वेळ लागतो. दिगंबररावांनी काढलेली त्याची तीन चित्रं पुरी झाली आहेत, चौथं चालू आहे.

घसा बसू नये म्हणून प्रमिलाबाईंनी चिंच आणि गार ताक सोडलं. वैशाखात भाचीचं लग्न आहे सांगलीला, मुहूर्त सकाळी दहाचा. यायला जमणार नाही असं त्यांनी दादाला कळवून टाकलं. दादा रागावला.