बर्फ न लागलेला मासा

डॉक्टर दारात चपला घालता घालता म्हणाले, "आता त्यांना जे आवडेल ते द्या." डॉक्टर हे वाक्य केव्हा बोलतात ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे मुलाने नुसती मान डोलावली आणि आईने कोरडंच फडकं पुन्हा पिळलं.

बाबांनी नऊ दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. त्यांची सगळी हयात कोल्ड स्टोरेजमध्ये गेली होती. समुद्रावरून ट्रक यायचा, बाबा प्रत्येक माशाच्या शेपटीला खुणेचा एक काप द्यायचे आणि माल आत ढकलायचे. चार महिन्यांपूर्वी ते तिथेच कोसळले. आता विचारल्यावर म्हणाले, "बर्फ न लागलेला मासा खायचाय. एकदाच. जन्मभर बर्फातलेच बघितले."

मुलगा विम्याच्या कचेरीत कारकून होता. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून, सहा तास बसने हाडं खिळखिळी करून घेत तो बंदरावर पोचला. बाजार सहलीच्या लोकांनी फुलला होता. घरच्यांना भेट न्यायला मासे रंगीत खोक्यांत, वर फीत बांधून मिळत होते.

"आज सकाळचा आहे," मासेवाला म्हणाला.

"मग एवढा कडक कसा?"

"खोल पाण्यातला आहे साहेब. तिथे थंडी असते."

"आणि शेपटीला हे काय झालंय?"

"जाळ्यात फाटते. जीव जाताना तडफडतात ना."

कारकुनाला ते पटलं. एरवी लोकांच्या थापा पकडण्याचाच त्याला पगार मिळायचा, पण बाप अंथरुणाला खिळला की असा माणूसही सरळ गिऱ्हाईक होतो. मासेवाला खोक्यात बर्फ भरू लागला तसा त्याने त्याचा हात धरला.

"बर्फाचा खडासुद्धा नको. बसने सहा तास जायचंय, तरी नको."

"सहा तास? अहो, तुमच्या आधी वास पोचेल घरी."

"पोचू दे."

तासाभरात खोकं गळायला लागलं. आधी शेजारच्या बाईंची पिशवी भिजली, मग पुढच्या गृहस्थांचे मोजे. "इतका ताजा आहे की अजून समुद्र सोडतोय," कारकून अभिमानाने म्हणाला. कोणी हसलं नाही. चौथ्या तासाला वासाने डोकं वर काढलं आणि कंडक्टर नाकाला रुमाल लावून आला.

"यात आहे काय?"

"वडिलांसाठी नेतोय. ते चाललेत हो."

कंडक्टरने खोक्याकडे बघितलं. "त्यांच्या आधी हेच चाललंय," तो म्हणाला आणि त्याने दोघांनाही पुढच्या फाट्यावर उतरवलं.

तिथून एका टेम्पोने त्याला मागे बसवून आणलं, तेही गावाबाहेरपर्यंतच. पुढचं अंतर तो खोकं छातीशी धरून चालला. वाटेत खोक्याचा तळ गेला, तेव्हा त्याने शर्ट काढून मासा त्यात गुंडाळला आणि तसाच बनियनवर घरात शिरला.

"बाबा, बर्फ लागलेला नाही. शप्पथ."

बाबांनी डोळे उघडले. नाक आक्रसलं. मग डाव्या हाताने शेपटी धरून ती दिव्याखाली नेली आणि बराच वेळ बघत राहिले.

"शेपटीचं काय म्हणाला तो?"

"जाळ्यात फाटली."

"जाळं असा काप देत नाही. हा तिरका आहे. बाकीच्यांचा सरळ पडतो. आमच्याकडे डावखुरा मी एकटाच."

कारकून मटकन खाली बसला. त्याला मासेवाल्याचा गळा धरावासा वाटला, आणि त्याआधी रडावंसं. "मी फसलो, बाबा. फेकून देतो."

"थांब." बाबांचे खांदे हलायला लागले. कारकून घाबरून उठला, पण बाबा हसत होते. "चार महिने फिरून माझ्याकडेच आला. मी धडधाकट होतो तेव्हाचा आहे रे हा. आईला करायला सांग. आणि बाकीचं तिला बोलू नकोस."

आईने मसाला दुप्पट घातला. बाबांनी दोन घास खाल्ले आणि तिसरा मागून घेतला. आई डोळे पुसत म्हणाली, "बघ, ताज्या माशाची गोष्टच वेगळी."

"आज सकाळचा आहे," बाबा म्हणाले आणि त्यांनी तोंडातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.