अमृतगुटिकेची आणि तांबड्या शेंगेची हकीकत

श्री. ज्यानें पोट दिलें आणि पोटासंगें अक्कलही दिली, त्या कर्त्यास प्रथम नमन. शके पंधराशें चाळीस, काळयुक्त नाम संवत्सरीं एका राज्यांत जें वर्तमान घडलें, तें ऐकिलें तैसें लिहिलें आहे. राज्याचें नांव लिहीत नाहीं, कारण असें राज्य शोधूं जातां फार लांब जावें लागत नाहीं.

त्या राज्याचे सरहद्दीस एक गड होता, त्यावर चारशें माणूस, आणि गडाचें कोठार सांभाळण्याचें काम लखमोपंत कारखानीस यांजकडे होतें. पंत हाडाचे संशयी. कोणी दूध आणिलें तर आधीं गाय दाखवा म्हणणारे. त्या सालीं उत्तरेकडून एक वैद्य राजधानीस आला आणि त्यानें अमृतगुटिका आणिली. प्रातःकाळीं एक गिळावी, दिवसभर भूक म्हणून लागत नाहीं, ऐसा तिचा महिमा. महाराजांनीं घेतली, मग प्रधानांनीं घेतली, मग सरदारांनीं घेतली, आणि मग ज्यानें घेतली नाहीं तो दरबारांत मान खालीं घालूं लागला. मी जेवतों असें म्हणणें गांवढळपणा ठरला. आणि शत्रूची फौज सरहद्दीकडे हलते आहे ऐशी बातमी येतांच हुकूम सुटला कीं, गडोगडींचें धान्य खालीं उतरवावें, कोठारांत दारूगोळा भरावा, गडावरील माणसांस रोज एकेक गुटिका द्यावी, आणि जो कारखानीस कसूर करील त्याचा कडेलोट करावा.

पंतांनीं हुकूम दोनदां वाचिला. मानावा तर वेढा पडतांच चारशें माणूस उपाशी मरेल, न मानावा तर आपण कड्यावरून जाऊं. पण पंत न्यायाचे होते. मनांत म्हणाले, सारा दरबार एक सांगतो आणि मी एकटा दुसरें म्हणतों, कदाचित् मीच चुकत असेन. मग निमित्त काढून ते राजधानीस गेले, आठ दिवस राहिले, आणि गुटिका कैसी आहे हें त्यांनीं एकाही सरदारास विचारिलें नाहीं. ते वाड्यांच्या मागल्या दारीं जाऊन उष्ट्या पत्रावळी मोजीत बसले. पत्रावळी लावणाऱ्या बाईस विचारितां ती म्हणाली कीं, पूर्वींहून दीडपट जातात. जेवण हल्लीं कोणी करीत नाहीं, सकाळीं प्रसाद असतो, दुपारीं फराळ असतो, सांजेस पुन्हां नैवेद्याचा प्रसाद असतो, आणि प्रसाद कोणी जेवणांत धरीत नाहीं. मग पंतांनीं आणखी एक पाहिलें. गुटिकेची थोरवी गाणाऱ्यांपैकीं एकानेंही आपल्या घरची कणगी रिकामी केली नव्हती. लोक लबाड असते तर पंतांस बरें वाटलें असतें. पण हे लोक मनापासून चुकत होते, आणि त्यास औषध नाहीं.

परतीचे वाटेस पंतांस दुसरी गोष्ट टोंचूं लागली. तांबडी शेंग, जीस आतां आपण मिरची म्हणतों, ती तेव्हां समुद्राकडून नवी आली होती. गडावरील कोळ्यांनीं ती अंगणांत लाविली, पंतांनीं एक चाखिली, डोळ्यांस पाणी आलें, आणि हें विष आहे, हे नव्याचे नऊ दिवस आहेत, ऐसें बोलून त्यांनीं गेल्या सालीं सगळीं झाडें उपटविलीं. आतां त्यांनीं आपणांसच विचारिलें कीं, गुटिकेस जी कसोटी लाविली ती शेंगेस लाविली होती काय. लाविली नव्हती. जीभ पोळली, तोच निवाडा. म्हणून गड चढतांच ते पाणी भरणाऱ्या चिमा कोळणीच्या खोपटाशीं गेले आणि पाहतात तों झाडें पुन्हां उभीं, तिच्या अंगणांत आणि पुढल्या चाळीस अंगणांत. हीं तर मीं उपटविलीं होतीं, ऐसें पंत बोलले. चिमा म्हणाली, "झाडं उपटलीसा पंत, पर बी आमच्या कनवटीला हुतं. मिरं म्हाग, ते मोठ्यांनी खावं. आमची कोरडी भाकर ह्या शेंगेनंच घशाखाली उतरती."

पंत ओशाळले, आणि ओशाळलेपण लपवावें ऐसें त्यांस वाटलें नाहीं. शेंगेसाठीं कोणी डंका पिटला नाहीं, राजानें ती खाल्ली नाहीं, वरून मनाई होती, तरी लोकांनीं बीं जपलें. कोणी पाहत नसतां जें जपतात तें राहतें, हें त्यांनीं मनाशीं पक्कें केलें. आणि मग त्यांनीं कोठार नाचणीनें गच्च भरिलें, छपरावर शेंगा वाळत घातल्या, आणि हुकूम देव्हाऱ्यांत ठेविला.

चैत्रांत दरबाराकडून गिरजोजीराव तपासनीस गुटिकांच्या दोन पेट्या घेऊन गडावर आले. हे गुटिकेचे पहिले भक्त, स्वभावें सरळ आणि हट्टी. कोठार उघडून पाहतात तों नाचणी. त्यांनीं गडाचे हवालदार सुभानराव यांस आज्ञा केली कीं, कारखानिसास उद्यां कड्यावरून लोटावें.  पंत पुढें होऊन हात जोडून म्हणाले, "लोटावें, माझी ना नाहीं. पण आधीं आपण तीन दिवस दारूगोळ्याच्या रिकाम्या कोठींत बसावें. संगें गुटिका आणि पाणी घ्यावें. प्रसाद मात्र नाहीं. आपण तगलां तर मी आपल्या पायांनीं कड्याशीं जाईन."

गिरजोजीराव हंसले आणि आंत गेले. कुलूप लागलें आणि किल्ली सुभानरावांपाशीं राहिली. पहिले दिवशीं आंतून भजनें ऐकूं आलीं. दुसरे दिवशीं भजनें मंदावलीं, आणि त्याच दुपारीं खिंडींत धूळ दिसली, आणि दिवस मावळण्याआधीं गडाखालीं शत्रूचे तंबू उभे राहिले आणि वाटा बंद जाहल्या. आणि तेव्हां पंतांस आपली चूक उमगली. हट्टी माणूस तीन दिवस गुटिकेवांचूनही काढतो. एकादशा आणि शिवरात्री करणाऱ्यास तीन दिवस ते काय. राव तगले तर गुटिका खरी ठरेल, नाचणी कड्यावरून खालीं जाईल, आणि तिच्यामागें आपण, आणि मग वेढ्यांत हीं चारशें माणसें. साऱ्या जगाची परीक्षा घेणारे पंत आपलीच परीक्षा कच्ची मांडून बसले होते, आणि आतां बोल फिरवितां येत नव्हता.

तिसरा दिवस सरला आणि कुलूप काढिलें. गिरजोजीराव भिंत धरून, पण आपल्या पायांनीं बाहेर आले. डोळे खोल गेले होते, आवाज मात्र ताठ. म्हणाले, तगलों. पंतांनीं पगडी उतरून सुभानरावांचे हातीं दिली आणि घरीं पोहोंचवा म्हणाले. मग सारे कड्याकडे चालले, आणि मागें सारा गड. कड्याची वाट कोळ्यांच्या खोपटांवरून जाते. चिमा तव्यावर भाकर टाकीत होती, पाट्यावर तांबडी शेंग मीठ घालून रगडली होती, आणि वास वाटेवर आला. गिरजोजीरावांचे पाय थांबले. ते पुष्कळ वेळ त्या तव्याकडे पाहत राहिले. मग हलकेच म्हणाले, "बाई, हा प्रसाद आहे काय?"

चिमेनें कड्याकडे पाहिलें, पंतांच्या उघड्या डोक्याकडे पाहिलें, आणि भाकर उलटली. म्हणाली, "न्हाई महाराज. ही भाकर हाय. भूक असंल तर बसा."

गिरजोजीराव उभे राहिले, उभे राहिले, आणि मग तेथेंच मातींत बसले. पहिली भाकर संपली, डोळ्यांतून धारा लागल्या, नाक लाल जाहलें, आणि त्यांनीं दुसरीस हात घातला. तिसरी खाऊन पाणी प्याले आणि सर्वांदेखत म्हणाले, "पंत, पगडी घाला. मी तगलों तो हट्टानें. भूक पहिल्या दुपारींच लागली होती, आणि ती गुटिकेनें गेली नाहीं."

मग वेढा पांच महिने चालला, आणि नाचणी पुरली, आणि शेंगा पुरल्या, आणि गिरजोजीराव सर्वांचे पंक्तीस बसून जेवले. पलीकडचा गड हुकुमाप्रमाणें चालला होता. तो बाराव्या दिवशीं पडला, आणि दार उघडून बाहेर आलेल्या तेथील माणसांस भुकेनें उभें राहवत नव्हतें. हें वर्तमान ऐकून पंत त्या दिवशीं जेवले नाहींत. राजधानींत जें पाहिलें तें त्या गडाच्या कारखानिसास दोन ओळींनीं कळविलें नाहीं, हें त्यांस जन्मभर सललें. वेढा उठला, महाराजांनीं पंतांस वस्त्रें दिलीं, आणि तांबड्या शेंगेची कीर्ति दरबारीं पोहोंचली. मग सरदार सोन्याच्या मिरच्या घडवून पगडीस लावूं लागले, आणि पंक्तींत चार मिरच्या कचाकचा न चावणारा गांवढळ ठरला.

येणेंप्रमाणें जाहलें. तात्पर्य थोडकें. सोन्याच्या मिरच्या पुढील सालीं मोडून त्यांच्या बांगड्या जाहल्या. चिमेच्या अंगणांतलें बीं तिच्या लेकीनें कनवटीस बांधून सासरीं नेलें. इति.