चिंचखोरीहून आलेली चूक

धुमाळ कुणाला नाव विचारत नसे. "गाव कंचं?" हा त्याचा पहिला प्रश्न. रुजू झाला त्या दिवशी त्याने साहेबांनाही तोच विचारला, आणि पुढे संगणकालासुद्धा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी भोरचा, तो वेल्ह्याकडचा, आणि पुण्याच्या एका कचेरीत खोलीएवढ्या संगणकापाशी आम्ही दोघे नोकरीला. एकेका प्रोग्रॅमसाठी भोकं पाडलेल्या कार्डांचे पाच-सहा गठ्ठे यंत्र वाची आणि नुसतं छापी: ओळ ४१ चूक. कुठल्या गठ्ठ्यातली, ते शोधण्यात आमचा दिवस जाई. धुमाळ भडके. "मानूस घावला, पन गाव न्हाई! आसं कुठं आसतंय व्हय?"

अखेर चुका छापणारा भाग त्यानेच नव्याने लिहिला. आता प्रत्येक चुकीआधी तिच्या गठ्ठ्याचं नाव येऊ लागलं. आम्ही त्याला भजी खाऊ घातली.

मग एका दुपारी यंत्राने खडखडत ओळ सोडली: चिंचखोरी, चूक. या नावाचा गठ्ठा कुणीच दिला नव्हता. कपाटं उपसली, काही नाही. चार दिवसांनी पुन्हा तेच, भलत्याच माणसाच्या कामात. ऑपरेटर बाई त्या खोलीत एकट्या बसेनात. मीही दार उघडं ठेवूनच आत जाई, कशाला लपवू? साहेबांनी मला फर्मावलं, "ते नाव शोधा आणि काढून टाका." धुमाळ एरवी कुणाला बोलू देत नसे, तो खाली मान घालून कार्डं जुळवत बसला.

रविवारी त्याने मला एसटीत बसवलं. मार्गासनी गेली, वेल्हे गेलं, पुढे पायी. धरणाच्या काठाशी तो थांबला. वारा पडला होता, पाखरूही ओरडत नव्हतं. पाण्याच्या मधोमध चिंचेचा एक वाळका शेंडा तेवढा वर होता.

"ती चिंचखोरी," तो म्हणाला. "शेंड्याच्या खाली आमचं घर. भावकी पांगली, आई त्याच्या आदीच गेली. कुनी गाव इचारलं तर म्या पानी दावू का?"

"आणि यंत्रात?"

"येखाद्या चुकीचा गठ्ठाच घावला न्हाई, तर तितं माजं गाव छापायचं, आसं म्याच लिवलंय. बिनगावाचं कुनी ऱ्हाऊ नये."

मग त्याने तोंडाभोवती हात धरले आणि पाण्याकडे हाक मारली, "आये, पावनं आल्यात गं!" उत्तरासाठी तो थांबला. मीही थांबलो.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "ते नाव सापडलं?"

"सापडलं."

"काढलं?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "तिथं एक माणूस अजून राहतो."