बोलू नका, लागेल!

दाजी त्या बुधवारी घरूनच दाढी करून सलूनमध्ये आले आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

आता तुम्ही म्हणाल, माणसाने घरी दाढी केली तर त्यात घोळ कसला? तुम्ही-आम्ही केली असती तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण दाजी पडले सलूनचे मालक. म्हणजे अर्धे मालक. उरलेला अर्धा मालक त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दाजींची लेक त्याला मामा म्हणते, म्हणून सगळी गल्ली त्याला मामा म्हणते. तो यांना दाजी म्हणतो, म्हणून सगळ्या गल्लीचे हे दाजी. दुकानात दोन खुर्च्या, दोन आरसे आणि भांडण एकही नाही. मेहुण्याबरोबर भागीदारी आणि इतक्या वर्षांत एकदाही आवाज चढला नाही, हे काय गौडबंगाल आहे ते लोकांना कळत नसे.

गौडबंगाल साधंच होतं. रोज सकाळी शटर अर्धं वर करून हे दोघे एकमेकांची दाढी करायचे. आधी मामा बसायचा. दाजी त्याच्या तोंडाला भरपूर फेस लावायचे, वस्तरा गळ्याशी न्यायचे आणि मग मनात साठलेलं सगळं बोलून घ्यायचे. "काल उशीर केलास. टॉवेल पिळून वाळत घालत नाहीस. मास्तरांशी गप्पा मारताना कात्री अर्धा तास नुसती हवेत चालत होती." मामाच्या ओठांवर फेस आणि गळ्याशी पातं, बोलणार काय? "हं," एवढंच. मग मामा उठायचा आणि दाजी बसायचे. आता पाळी मामाची. "पंखा कधी दुरुस्त करणार? आणि परवा पाहुण्यांसमोर ताईला बोललात, शोभतं का?" दाजींनी तोंड उघडलंच तर मामा म्हणायचा, "बोलू नका, लागेल." शटर पूर्ण वर जाईपर्यंत दोघांचीही मनं मोकळी आणि गाल गुळगुळीत. उलट उत्तर द्यायची सोयच नव्हती, तर भांडण होणार कसं?

आणि मग लेकीला नोकरी लागली. पहिल्या पगारात तिने आईला घड्याळ आणलं आणि बाबांना दाढीचं इलेक्ट्रिक मशीन.

"बाबा, आख्ख्या जगाच्या दाढ्या करता. आता तुमची हे करील."

दाजींनी मशीन हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि सवयीने तळहातावर घासून धार लावली. मग तोंडाला पांढराशुभ्र, जाडजूड फेस लावला. इतक्या वर्षांचा कसबी हात, फेस लावल्याशिवाय दाढी सुरू कशी करणार? बटण दाबलं मात्र, घर्रर्र करत सगळा फेस आरशावर, भिंतीवर आणि मशीन कसं चालतं ते बघायला आलेल्या बायकोच्या नव्या घड्याळावर.

"अगं बाई! दाढी करताय की रंग देताय?"

"बाबा, ते कोरड्यावर करायचं असतं!"

"कोरड्यावर? कोरड्यावर दाढी करणाऱ्याचा परवाना काढून घेतला पाहिजे," दाजी फेस पुसत म्हणाले. पण लेकीचं तोंड उतरलेलं बघून त्यांनी गाल कोरडे केले, डाव्या हाताने स्वतःचंच नाक चिमटीत धरून वर केलं आणि पुन्हा बटण दाबलं. झाली की दाढी! ना ओरखडा, ना आग, ना तुरटी. दाजी खूश झाले. एवढे खूश, की दुकानात मामा आपली वाट बघत असेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

त्या दिवशी मामा नेहमीसारखा आधी बसला. दाजींनी त्याची दाढी केली, चार गोष्टी सुनावल्या. मग मामाने उठून खुर्ची झटकली, कापड फडफडवलं आणि म्हणाला, "बसा, दाजी."

"नको. झाली माझी."

"कुठं?"

"घरी. मशीननं."

मामाने बोटाच्या मागच्या बाजूने दाजींच्या गालाला स्पर्श केला आणि कापडाची घडी घातली. पोटातलं पंखा आणि ताई हे सगळं त्याला तसंच गिळावं लागलं.

दोन-तीन दिवस दाजींची मजाच मजा झाली. बोलायचं सगळं, ऐकायचं काहीच नाही. चौथ्या दिवशी मामाने खुर्चीकडे पाठ फिरवली.

"अरे, बस ना."

"नको, दाजी. वाढवतोय."

"काय?"

"दाढी."

सलूनच्या कारागिराने दाढी वाढवायची म्हणजे काय, सांगा! गिऱ्हाइकं चेष्टा करायला लागली. "मामा, दुकानात ब्लेड संपली का?" मामा नुसता हसायचा. पण पोटातलं बोलणं काही स्वस्थ बसत नव्हतं. ते दुसऱ्या वाटेने बाहेर पडायला लागलं. एकदा नेहमीचे मास्तर दाढीला बसले होते, तोंडभर फेस होता. मामा त्यांच्या कानाशी वाकून, पण शेजारच्या खुर्चीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला, "माणसानं चारचौघांत बायकोच्या भाजीला नावं ठेवू नयेत."

"मी कधी ठेवली?" मास्तर दचकले.

"बोलू नका, लागेल."

दाजींच्या खुर्चीत औषधांच्या दुकानाचे मालक केस कापायला बसले होते. दाजींनी त्यांची मान खसकन खाली वाकवली. "आणि माणसानं दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसू नये. काय?"

"बरोबर आहे," दुकानवाले छातीत हनुवटी रुतवून म्हणाले. त्यांना स्वतःच्या साडूची आठवण झाली असावी.

असं रोज चालायला लागलं. पंख्याची तक्रार कुणा बँकवाल्याला ऐकावी लागली, टॉवेलची कुणा ड्रायव्हरला. नवी माणसं घाबरायची, जुनी माणसं दुसऱ्या दिवशी पुढचं ऐकायला लवकर यायची. दाजींचं मात्र कामात लक्ष लागेना. कानापुढचा एकच कल्ला दोनदा कापला जाई, मग दुसरा त्याच्या मापाला आणावा लागे, मग पुन्हा पहिला. मामा आपल्याकडे सरळ बघून बोलत नाही, हे त्यांना फार झोंबत होतं.

आणि मग खरा धक्का बसला. रस्त्याच्या पलीकडे नवीन एसी सलून झालं होतं, काचेचं दार, आत गुळगुळीत फरशी. एका दुपारी मामा "जरा जाऊन येतो" म्हणून गेला तो परत आला गुळगुळीत गालाने. अंगाला कसला तरी भारी वास.

"दाढी काढलीस?"

"हो, काढली."

"कुणी?"

"अशीच," मामा म्हणाला आणि कात्री पुसायला लागला.

दोन दिवसांनी पुन्हा "जरा जाऊन येतो." या वेळी दाजींनी गिऱ्हाइकाचं डोकं सोडून आरशात रस्ता पकडला. मामा पलीकडे गेला, काचेचं दार उघडलं, तिथल्या मालकाने हसून त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला आत नेलं. त्यांच्या धंद्यात कारागीर असा दुसऱ्याच्या दुकानात जातो तो एकाच कामाला, हात दाखवायला. हात पसंत पडला की नोकरी पक्की. मामा चालला! चांगलं जमलेलं दुकान मोडून चालला आणि का, तर आपण एक मशीन गालाला लावलं म्हणून.

संध्याकाळी दाजींनी बायकोला भीत भीत सांगितलं. तिने हातातलं ताट तसंच खाली ठेवलं.

"इतकी वर्षं माझ्या भावाच्या हाताखाली मान दिलीत, आणि आता त्याचा हात नको झाला?"

"अगं, नको कुठं झाला? पोरीनं हौसेनं आणलं—"

"ते मला सांगू नका. माझा भाऊ त्या दुकानातून गेला ना, तर उद्यापासून त्या मशीनलाच सांगा स्वयंपाक करायला. आणि कोरड्यावरच करायला सांगा!"

दाजींना जेवण गेलं नाही. बायकोचा राग एक वेळ उतरला असता, पण मामाशिवाय ते दुकान त्यांना डोळ्यांसमोर आणवेना. शेजारची खुर्ची रिकामी, तो आरसा रिकामा, सकाळी शटर एकट्याने वर करायचं आणि कुणी "पंखा कधी दुरुस्त करणार" म्हणून विचारायलाही नाही. मेहुणा म्हणून नाही, पण हा माणूस त्यांना हवा होता. सरळ जाऊन तसं म्हणायला काय हरकत होती? पण वस्तरा हातात नसताना मामाशी मनातलं कसं बोलायचं, हे त्यांना कधी माहीतच नव्हतं.

सकाळी ते इतके अस्वस्थ होते, की हाताने आपोआप मशीन उचलून दाढी करून टाकली. ध्यानात आलं तेव्हा दोन्ही गाल चकचकीत. तसेच ते दुकानात गेले आणि सरळ मामाच्या खुर्चीत जाऊन बसले.

"कर."

"काय करू?" मामाने वाकून गाल पाहिले. "काही उरलंच नाहीये."

"नसू दे. फेस लाव. वस्तरा घे आणि जे काय मनात असेल ते बोलून टाक. मी मध्ये बोलणार नाही."

मामाने ब्रश भिजवला. फेस लावला. वस्तरा हळूच गळ्याशी आणला आणि तिथेच थांबवला. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं नुसती तबला वाजवत होती.

"दाजी, खरं सांगू? रागावणार नाही ना?"

"हं."

"ताईची शपथ?"

"हं!"

"तुमचा हात जड आहे हो."

दाजींना वाटलं, फेस कानात गेला म्हणून चुकीचं ऐकू आलं.

"इतकी वर्षं रोज सकाळी आधी मी बसायचो ना? तुम्ही बोलायचात आणि मी हं म्हणायचो. ते काही तुमचं पटायचं म्हणून नव्हतं, दाजी. लागायचं! हनुवटीला तर डोळ्यांत पाणी यायचं. पण थोरल्या माणसाला, आणि तेही बहिणीच्या नवऱ्याला, हात जड आहे म्हणून कसं सांगणार? तुमचं मशीन आलं तेव्हा वाटलं, देवच पावला. तुम्ही बसायचं सोडलंत, म्हणून मलाही सोडता आलं. नुसतं नको म्हटलं असतं तर तुम्ही कारण विचारलं असतं, म्हणून म्हटलं, वाढवतोय. पण ती दाढी काही सहन होईना, खाजायची."

दाजी ताडकन उठून बसले. मामाने वस्तरा वेळेवर मागे घेतला म्हणून बरं. "म्हणजे तू तिकडे नोकरीला नाही चाललास?"

"नोकरी? कसली नोकरी? दाढी करायला जातो मी तिकडे!"

"माझा भागीदार! समोरच्या दुकानात जाऊन दाढी करून घेतो?" दाजी ओरडले. "त्यापेक्षा नोकरीला लागला असतास तर बरं झालं असतं! स्वतःची स्वतः करता येत नव्हती?"

मामाने मान खाली घातली. "स्वतःच्या गळ्याला वस्तरा लावायची मला भीती वाटते."

"तिथं काय सांगितलंस? का येतो म्हणालास?"

"म्हटलं, आमच्या दाजींकडे गर्दी फार असते. त्यांना वेळ नाही मिळत."

दाजी परत खुर्चीत टेकले. लागलं होतं, चांगलंच लागलं होतं. पण मामा कुठेही जाणार नव्हता आणि वर शेजाऱ्याच्या दुकानात आपली लाज राखून आला होता. राग धरायचा म्हटलं तरी नीट धरता येईना. रडावं की हसावं ते न कळून त्यांनी तोंडावरचा फेस थोडासा पुसला.

तेवढ्यात अर्ध्या शटरखालून वाकून मास्तर आत आले. दाजी मामाच्या खुर्चीतून उठले, एका गालावर फेस तसाच होता. त्यांनी आपली खुर्ची झटकली. "या मास्तर, बसा."

"छे छे, असू दे. थांबतो मी. घाई नाही मला," मास्तर म्हणाले आणि बाकावर बसून त्यांनी पेपर उघडला.

हेच वाक्य दाजी किती वर्षं ऐकत होते! कितीतरी लोक असे थांबायचे. दाजींना वाटायचं, मामाच्या गप्पांसाठी थांबतात बिचारे. त्यांनी मामाकडे पाहिलं. मामा बंद पंख्याकडे बघत होता.

"मास्तर, दाढी की केस?" मामाने विचारलं.

"दोन्ही."

"मग केसांना तिकडेच बसा. कात्रीचा असा हात तुम्हाला त्या एसीतसुद्धा मिळायचा नाही. मी जाऊन बघून आलोय."

मास्तरांनी पेपर खाली केला, जरा घुटमळले आणि बसले. दाजींनी कात्री घेतली. कात्री आपली आपण चालायला लागली, कानामागून मानेवर, मानेवरून माथ्यावर, कल्ले पहिल्याच फेरीत सारखे. मास्तर आरशात मान वळवून वळवून बघत राहिले. "वा, दाजी! आता दाढी."

दाजींनी त्यांच्या अंगावरचं कापड काढलं, झटकलं आणि मामाच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"दाढीला तिकडे बसा, मास्तर. आजपासून दाढी मी करत नाही. माझा हात जड आहे."

"हो, ते तर सगळ्या गल्लीला माहीत आहे," मास्तर खुर्ची बदलत म्हणाले. "पण तुम्हाला कुणी सांगितलं?"